ग्रामसभेत उभे राहण्यापूर्वी : नाशिकच्या आदिवासी तरुणांच्या पाठीशी राहण्याची रीत

दरवर्षी ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, नाशिक शहरात आणि तालुक्याच्या गावांत मिरवणुका निघतात, पावरी आणि संबळ वाजतात आणि दुपारनंतर व्यासपीठावरून भाषणे सुरू होतात. बोलणारे बहुधा पन्नाशी ओलांडलेले असतात, आणि ज्या विशी-बाविशीतल्या मुलामुलींना उद्देशून ते बोलतात, ती मुले खुर्च्या लावत, पाणी वाटत किंवा मोबाइलवर चित्रीकरण करत असतात. या मुलांसोबत वर्षभर काम करू इच्छिणाऱ्या आश्रमशाळेतील शिक्षकांसाठी, वसतिगृहाच्या गृहपालांसाठी, ग्रामपंचायत सदस्यांसाठी आणि शिकून नोकरीला लागलेल्या थोरल्या भावंडांसाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. ध्येय व्याख्यान ऐकून सापडत नाही, असे माझे मत आहे. पाड्याला खरोखर लागणारे एखादे काम तरुणाच्या हाती यावे, ते त्याने तडीस न्यावे आणि त्याविषयी त्याने आपल्याच माणसांसमोर उभे राहून बोलावे. शोध खऱ्या अर्थाने तिथून सुरू होतो.

नाशिक जिल्ह्याच्या लोकसंख्येत २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे एक चतुर्थांश लोक अनुसूचित जमातींचे आहेत. पेठ, सुरगाणा व कळवण हे तालुके आणि दिंडोरी, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर व बागलाणमधील अनेक गावे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली, म्हणजे ‘अनुसूचित क्षेत्रात’ येतात. कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल, ठाकूर, कातकरी अशा वेगवेगळ्या जमाती येथे राहतात, त्यांच्या बोली आणि रिती वेगळ्या आहेत, आणि ‘आदिवासी तरुण’ या एकाच नावाखाली सर्वांना सारखा कार्यक्रम दिला की तो कोणाचाच राहत नाही. राज्याच्या आदिवासी विकास आयुक्तांचे कार्यालयही नाशिकमध्येच आहे. त्यामुळे आपले गाऱ्हाणे घेऊन जाण्याचे ठिकाण येथील मुलांना एका दिवसाच्या एसटी प्रवासात गाठता येते. राज्यातल्या बऱ्याच जिल्ह्यांतील मुलांना ही सोय नाही, तेव्हा तिचा उपयोग करून घ्यावा.

आधी वेळ, मग प्रश्न

गट बांधायचा असेल तर आधी मुले कुठे आणि केव्हा भेटतात हे पाहावे. शहरातील शासकीय वसतिगृहात राहून पदवी घेणारा मुलगा, बारावीनंतर घरी परतलेली मुलगी आणि पहाटे गिरणारेच्या मजूर नाक्यावर उभा राहून द्राक्षबागेत जाणारा तिचा भाऊ, या तिघांचे वेळापत्रक जुळत नाही. जून ते ऑगस्ट लावणीची धांदल असते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षांची गोडी (फळे धरण्यासाठीची) छाटणी सुरू झाली की दिंडोरी-निफाडकडे माणसे निघतात, आणि जानेवारीपासून एप्रिलपर्यंत काढणीचे काम चालते. रविवारी सकाळी अकरा वाजता शिबिर ठेवले तर वसतिगृहातील मुलेच येतील आणि ज्यांचा आवाज सर्वांत कमी ऐकू येतो ती बाहेरच राहतील. मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाच्या उत्सवाला आणि शिमग्याला बहुतेकजण घरी येतात. पहिल्या भेटी त्याच सुमारास, संध्याकाळी, पाड्यावरच ठेवाव्यात. मुलींना रात्री परत सोडण्याची जबाबदारी कोणाची, हे आदल्या दिवशीच ठरवावे. हे ठरले नाही तर मुली पुढच्या वेळी येत नाहीत आणि आपण मात्र त्यांना बोलण्यात रस नाही असा निष्कर्ष काढून मोकळे होतो.

पहिल्याच भेटीत ‘तुझे ध्येय काय?’ असे विचारू नये. या प्रश्नाला मुले पाठ केलेले उत्तर देतात. कोणी पोलीस भरती म्हणतो, कोणी कलेक्टर म्हणतो, आणि तिथेच बोलणे संपते. त्याऐवजी उत्तर ठाऊक असलेले प्रश्न विचारावेत. पाड्यावर कोणत्या कामासाठी लोक तुला हाक मारतात? गेल्या वर्षी कशाचा राग आला? तू वर्षभर बाहेर राहिलास तर घरी कोणाचे अडेल? कोणी सांगते की मोबाइलमधला अर्ज भरायला मलाच बोलावतात, कोणी सांगतो की दवाखान्यात गाडी न आल्याने काकीला डोलीतून न्यावे लागले. या उत्तरांची नोंद ज्याची त्यानेच स्वतःच्या वहीत करावी. आपण ती लिहून घेऊ लागलो की मुलांना तो सर्वेक्षणाचा भाग वाटतो, आणि सर्वेक्षणांची या भागाला कमतरता नाही.

मूल्ये आजी-आजोबांकडून काढून घ्यावीत

मूल्यांची यादी फळ्यावर लिहिण्याचा मोह शिक्षकांना फार होतो. प्रामाणिकपणा, कष्ट, एकता हे शब्द कोणत्याही शाळेच्या भिंतीवर सापडतात. येथील समाजाची मूल्ये कृतीत दिसतात : सावडीने, म्हणजे आळीपाळीने, एकमेकांच्या शेतात केलेली लावणी, वाघबारशीला जंगलातल्या जनावराचीही आठवण ठेवणे, धान्यदेवता कणसरी मातेला मान दिल्याखेरीज नवे धान्य न खाणे, देवराईतल्या झाडाला कुऱ्हाड न लावणे, नागलीचे जुने वाण घरच्या कणगीत राखून ठेवणे. मुलांनी एकेका वडीलधाऱ्या माणसाला भेटून एकाच विषयावर बोलते करावे. ‘आजी, तुमच्या लहानपणी उन्हाळ्यात पाणी कुठून आणत होता आणि ते कसे वाटून घेत होता?’ एवढा एक प्रश्न तासभर पुरतो. पेठ-सुरगाण्यात पावसाळ्यात धो-धो पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी दरी उतरावी लागते. त्यामुळे पाण्याविषयी बोलताना न्याय, श्रम, बाईचे कष्ट आणि गावाचा कारभार हे सारे विषय आपोआप निघतात.

फोनवर आवाज मुद्रित करण्यापूर्वी परवानगी घ्यावी आणि मुद्रण कोणाकडे राहील हेही सांगावे. भगताकडचे (गावच्या देवऋषीकडचे) काही विधी आणि डोंगऱ्या देवाच्या व्रतातील काही गोष्टी बाहेर सांगायच्या नसतात. त्यांच्या रील करून टाकणे हा विश्वासघात आहे, हे मुलांना आधीच स्पष्ट सांगावे. मात्र जुने म्हणून सगळेच पूज्य मानायला लावू नये. गावच्या निर्णयात बायकांना मागे बसवणे, लग्नकार्यातील दारू, एखाद्या विधवेवर डाकीण म्हणून घेतलेला संशय, यांविषयी मुलांना प्रश्न पडतात आणि ते पडावेत. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, तो त्यांना ठाऊक असावा. आपल्या मूल्यांसाठी बोलणे म्हणजे कधी सरकारी कचेरीत बोलणे असते, तर कधी स्वतःच्या चुलत्यासमोर बोलणे असते. माझ्या मते दुसरे अधिक अवघड आहे, आणि त्यासाठी गटातील मुलांना एकमेकांचा आधार लागतो.

इतिहासाकडेही असेच न्यावे. १८४८ मध्ये २ मे रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले राघोजी भांगरे आणि १८५७ मध्ये सिन्नरजवळच्या नांदूरशिंगोटे परिसरात इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे भागोजी नाईक यांची चित्रे मिरवणुकीच्या ट्रॅक्टरवर दिसतात. ते कशासाठी लढले, सावकारी आणि महसुलाचा त्या वेळच्या डोंगरी माणसावर काय भार होता, हे मुलांनी शोधून एकमेकांना सांगितले तर चित्रातला माणूस त्यांच्या ओळखीचा होतो.

हाताशी एक काम

यानंतर काम निवडावे. ते लहान असावे, तीन-चार महिन्यांत पुरे होणारे असावे आणि त्याचा उपयोग पाड्यातल्या माणसाला डोळ्यांनी दिसावा. उन्हाळ्यात कोणता झरा कोणत्या महिन्यात आटतो याचा नकाशा काढता येतो, कामासाठी बाहेर जाणाऱ्या कुटुंबांची नोंदवही ठेवता येते, नागली आणि वरईच्या जुन्या वाणांची नोंद करता येते. परंतु या जिल्ह्यात सर्वांत मोलाचे काम मला वनहक्काच्या कागदांचे वाटते, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर लिहितो.

वनहक्क कायदा २००६ चा आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या अनुसूचित जमातीच्या कुटुंबाला, प्रत्यक्ष ताब्यातील क्षेत्रावर आणि जास्तीत जास्त ४ हेक्टरपर्यंत, हक्क मान्य होऊ शकतो. शिवाय गावाला सामूहिक वनहक्कही मिळतो. दावा ग्रामसभेपुढे येतो, वनहक्क समिती जागेची पाहणी करते, नंतर तो उपविभागीय आणि जिल्हास्तरीय समितीकडे जातो, आणि निर्णय मान्य नसेल तर ६० दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते. प्रत्यक्षात पाड्यावरच्या अनेक घरांत हे सारे कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आढ्याला टांगलेले असतात आणि त्यात काय लिहिले आहे हे घरातल्या कोणालाच नीट वाचता येत नाही. कसलेले क्षेत्र आणि प्रमाणपत्रावरचे क्षेत्र यांत तफावत असल्याची तक्रार तर सर्वत्र ऐकू येते.

येथे वाचता-लिहिता येणारी विशीतली मुलगी एकदम गावाच्या उपयोगाची ठरते. गटाने एक तक्ता करावा : दावेदाराचे नाव, दावा दाखल केल्याची तारीख, मागितलेले क्षेत्र, मान्य झालेले क्षेत्र, दावा सध्या कोणत्या टप्प्यावर आहे, नामंजुरीचे पत्र मिळाले का आणि कोणत्या तारखेस. प्रत्येक कागदाचा फोटो घेऊन मूळ कागद त्याच दिवशी परत द्यावा. मोजणीसाठी फोनवरचे नकाशे वापरता येतात. त्याने कायदेशीर मोजणी होत नाही, पण अंदाज येतो. आणखी एक गोष्ट मुलांना आवर्जून दाखवावी. या कायद्याच्या नियमांनुसार, स्वतः दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांनी दिलेला आणि लिहून घेतलेला जबाब हा पुराव्याचा एक प्रकार आहे. म्हणजे आधी मूल्यांसाठी आजोबांशी केलेली बातचीत, कोणती शेते कोण कधीपासून कसत आले याची त्यांची आठवण, सरकारदरबारी कामाला येऊ शकते. हे कळल्यावर मुले आजोबांचे बोलणे अधिक काळजीने लिहून घेऊ लागतात.

सरकारी नोंदीची प्रत मिळत नसेल तर माहितीचा अधिकार आहे. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचे शुल्क लागते, मजकूर १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लिहावा लागतो, आणि साधारणतः ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. पहिला अर्ज लिहायला दोन संध्याकाळी लागल्या तरी तो आपण लिहून देऊ नये. खाडाखोड झालेला, पण स्वतः लिहिलेला अर्ज घेऊन तहसील कचेरीत गेलेला मुलगा पोच मागायला विसरत नाही.

सभेत बोलणे

अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेला जो अधिकार आहे तो इतर कोणत्याही व्यासपीठाला नाही, म्हणून बोलण्याचा सराव वक्तृत्व स्पर्धेऐवजी ग्रामसभेसाठी करावा. १९९६ चा पेसा कायदा (अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीचा केंद्राचा कायदा) आणि त्याचे महाराष्ट्राने २०१४ मध्ये केलेले नियम यांमुळे विकासकामांना मंजुरी, लाभार्थ्यांची निवड, गौण वनोपज, दारूविषयीचा निर्णय अशा बाबी ग्रामसभेपुढे येतात. पाड्याला स्वतःचे गाव म्हणून घोषित करून घेण्याची वाटही त्यात आहे. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील (आदिवासींसाठी राखलेल्या विकास निधीतील) ५ टक्के अबंध, म्हणजे ठरावीक कामाशी न बांधलेला, निधी या क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट मिळतो, आणि तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभेत ठरते. तरुणांनी पहिला प्रश्न या निधीविषयी विचारला तर सभेतले वातावरण लगेच बदलते. काहीजण अस्वस्थ होतील, तेही अपेक्षित धरावे.

ग्रामसभेचा सदस्य होण्यासाठी मतदार यादीत नाव लागते. सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आता आगाऊ अर्ज करता येतो आणि वर्षातून चार अर्हता दिनांकांनुसार (वय मोजण्याच्या ठरावीक तारखांनुसार) नावे नोंदवली जातात. तेव्हा गटाचे पहिले सामूहिक काम म्हणून सर्वांचे मतदार नोंदणीचे नमुना ६ चे अर्ज भरावेत. त्यानंतर मागील सभेचे इतिवृत्त मिळवून वाचावे. अनेक मुलांना तेव्हाच प्रथम कळते की आपल्या वडिलांच्या सहीने काय काय ठरले आहे.

सरावाची माझी पद्धत साधी आहे. बोलणाऱ्याला तीन मिनिटे द्यावीत. पहिल्या मिनिटात प्रत्यक्ष काय घडले ते सांगायचे, दुसऱ्यात तक्त्यातील किंवा कागदातील एक पुरावा, आणि शेवटी सभेने नेमका कोणता ठराव करावा हे मागायचे. ठरावाचा मसुदा आधीच लिहून न्यावा, सूचक आणि अनुमोदक कोण हे ठरवावे, आणि विषय लेखी देऊन विषयपत्रिकेवर घ्यायला सांगावे. ‘ऐनवेळचे विषय’ म्हणून शेवटी घेऊ असे सांगितले जाते तेव्हा बहुतेक लोक उठून गेलेले असतात. सरावात एकाने अडवणारा सरपंच व्हावे आणि एकाने खोकणारा, हसणारा श्रोता व्हावे. मुलांना ही भूमिका फार आवडते, आणि प्रत्यक्ष सभेत ‘खाली बस रे, तुला काय कळतं?’ असे कोणी म्हटले तर त्याची भीती राहत नाही. अशा वेळी ‘काका, मी कागद वाचून दाखवतो, मग बसतो’ एवढे नम्र आणि ठाम उत्तर पुरते.

बोलणे कोकणा, वारली किंवा भिल्ली बोलीत होऊ द्यावे. ठराव मराठीत लिहिला जातो, तेवढे पुरे. उच्चार सुधारण्याच्या नादात कित्येक मुले कायमची गप्प झाली आहेत. मुलींसाठी ग्रामसभेआधीची महिला सभा हे उत्तम स्थान आहे, कारण तिचे ठराव पुढे ग्रामसभेत मांडता येतात आणि मावश्या-काकूंच्या आधाराने बोललेली मुलगी दुसऱ्या दिवशी मोठ्या सभेतही उभी राहते. सभा संपल्यावर ग्रामसेवकांकडून, म्हणजे ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात त्यांच्याकडून, ठराव इतिवृत्तात जसा मांडला तसाच लिहिला गेला का हे त्याच दिवशी पाहावे.

सभेतले बोलणे पुरे पडत नाही तेव्हा लोक रस्त्यावर येतात, आणि याचा धडा या जिल्ह्यानेच देशाला दिला आहे. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून निघालेल्या शेतकरी लाँग मार्चमध्ये सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरीचे हजारो आदिवासी सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईला गेले. वनहक्क ही त्यांची प्रमुख मागणी होती. दहावीच्या मुलांची परीक्षा बिघडू नये म्हणून ते शेवटचा टप्पा रात्रीच चालून १२ मार्चच्या पहाटे आझाद मैदानावर पोहोचले. पाय फुटलेले असताना दुसऱ्याच्या लेकराच्या परीक्षेचा विचार करणे यातून त्यांची मूल्ये शहराला जशी समजली तशी कोणत्याही भाषणातून समजली नसती. अमेरिकेतील स्टँडिंग रॉक येथील मूलनिवासी तरुणांनी २०१६ मध्ये आपल्या नदीखालून जाणाऱ्या तेलवाहिनीविरुद्ध नॉर्थ डकोटापासून वॉशिंग्टनपर्यंत धाव काढली होती, हेही मुलांना सांगावे. आपला प्रश्न एकट्या आपल्या डोंगराचा नाही हे कळल्यावर त्यांना धीर येतो.

आंदोलनात अठरा वर्षांखालील मुलांना पालकांच्या संमतीखेरीज नेऊ नये, आणि त्यांना पुढे उभे करून आपण मागे राहू नये. गटाचा कोणत्या पक्षाशी संबंध असेल तर तो पहिल्याच दिवशी सांगावा. मुलांना तो कळतोच, फक्त उशिरा कळला तर विश्वास जातो.

नोकरी, शहर आणि निराशा

ध्येयाची चर्चा पोटापाण्याला टाळून करता येत नाही. पेसा क्षेत्रातील १७ संवर्गांच्या (पदप्रकारांच्या) पदभरतीसाठी २०२४ मध्ये नाशिकमध्ये तरुणांनी आंदोलन केले ते याचसाठी. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांना राहण्या-जेवणासाठी मदत देणारी स्वयम् योजना, जमात वैधता प्रमाणपत्र, शबरी महामंडळाचे कर्ज यांची माहिती गटाच्या भेटीत मिळाली तर मुले पुन्हा येतात; त्यात कमीपणा नाही. शहरात गेलेला मुलगा समाजाला मुकला आणि गावात राहिलेला अयशस्वी झाला, या दोन्ही समजुती आपल्या बोलण्यातून डोकावू देऊ नयेत. सावरपाड्याची कविता राऊत धावत धावत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरच्या कांस्यपदकापर्यंत पोहोचली, याचा अभिमान साऱ्या जिल्ह्याला आहे. पण प्रत्येक मुलीला तिचे उदाहरण दिले की न धावू शकणारीला आपण कमी आहोत असे वाटू लागते.

ठराव होऊनही काही घडत नाही, भरतीत दोन गुणांनी नाव राहते, आणि मग एखादा मुलगा गटात यायचा थांबतो. त्याच्या घरी जावे. तो फारच खचलेला, झोप उडालेला, जगण्यावर रुसलेला वाटला तर उपदेश करत बसू नये. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते, तो क्रमांक त्याच्यासमोर लावून द्यावा आणि घरच्यांना विश्वासात घेऊन ग्रामीण रुग्णालयात सोबत जावे.

आपण बाजूला होणे

दुसऱ्या वर्षी गटाची बैठक आपल्या अनुपस्थितीत होते का, हे पाहावे. त्यासाठी नोंदवही, कागदांच्या प्रती, फोनमधील फोटो आणि सभेच्या तारखा दोन मुली व दोन मुलगे यांच्याकडे लेखी सुपूर्द कराव्यात, आणि त्यांची नावे गावाला सांगावीत म्हणजे कचेरीतून निरोप त्यांनाच येतील. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या सुमारास ग्रामसभा होतातच. प्रत्येक सभेच्या पंधरा दिवस आधी गटाने बसून मागील ठरावांपैकी कोणते तडीस गेले आणि कोणते अडले याची यादी करावी, व अडलेल्या ठरावांचा प्रश्न विषयपत्रिकेवर पहिला घ्यावा अशी लेखी मागणी ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्यावी. आपल्याला बोलावले तर जावे, मागच्या रांगेत बसावे, आणि कोणी ‘दादा, तुम्हीच सांगा ना’ म्हणाले तर ज्याने तक्ता केला आहे त्याच्याकडे बोट दाखवावे.